झाडीतून स्की करताना हिमस्खलनाचा अंदाज कसा घ्यायचा?

प्रश्न असा आहे: मुंबईचे चौघे, सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेले, गुलमर्गला स्कीचे कोर्स केलेले. येत्या फेब्रुवारीत त्यांना आखलेले पिस्ट (स्कीसाठी तयार केलेले बर्फमार्ग) सोडून बाहेर स्की करायचं आहे. जोराचा बर्फ पडला की गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा बंद होतो आणि सगळे खालच्या झाडीकडे वळतात. ‘झाडं बर्फ धरून ठेवतात, तिथं हिमस्खलन होत नाही’ असं त्यांच्या कानावर आलंय. हे खरं का? आणि नसेल तर झाडीत धोका ओळखायचा कसा?

खरं नाही. बर्फ धरून ठेवणारं जंगल असतं, पण ते इतकं दाट असतं की त्यात स्कीवर दोन वळणंसुद्धा धड घेता येत नाहीत. ज्या झाडीतून तुम्ही मोकळेपणाने खाली येऊ शकता, तिथे स्लॅबलाही, म्हणजे एकसंध तुटून घसरणाऱ्या बर्फाच्या थरालाही, सुटायला जागा असते. हे एक वाक्य चौघांनीही पक्कं लक्षात ठेवा.

हा समज आला कुठून, तेही सांगतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. आल्प्समध्ये गावाच्या डोक्यावरचं जंगल राखण्याची परंपरा फार जुनी. स्वित्झर्लंडमधल्या आंदरमाट गावाने 1397 सालीच वरचं जंगल तोडायला बंदी घातली होती. आजही तिथले वनाधिकारी अशा जंगलात मोकळी पट्टी किती लांब चालेल याचे आकडे पाळतात: 30 अंशांच्या उतारावर वरून खाली 60 मीटरपेक्षा कमी, 40 अंशांवर 40 मीटरपेक्षा कमी. पण हे आकडे खालचं गाव वाचवण्यासाठी आहेत, उतारावर उभ्या असलेल्या माणसासाठी नाहीत. तुमच्या वजनाने सुटलेला 20 मीटर लांबीचा स्लॅब गावापर्यंत कधीच पोहोचणार नाही, मात्र तुम्हाला खाली उभ्या असलेल्या फरच्या खोडावर नेऊन आदळायला तो पुरेसा आहे. कॅनडात हिमस्खलनाने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा जवळपास एक चतुर्थांश मृत्यू गुदमरून नव्हे, तर आघाताने झाल्याचं दिसलं, आणि त्या आघातांत झाडांवर आपटण्याचा वाटा मोठा होता. उघड्या उतारावर जे लहान स्खलन फार तर पाडून पुढे जाईल, तेच झाडीत जीव घेऊ शकतं. पाठपिशवीतली फुगणारी एअरबॅगही खोडापुढे फारशी कामाला येत नाही.

माझ्या मते झाडीतली खरी अडचण वेगळीच आहे. तिथे धोका कमी असो वा जास्त, तुम्हाला दिसतं फार कमी. उघड्या डोंगरावर वरची धार, वाऱ्याने साठवलेला बर्फ, शेजारच्या उतारावर काल तुटलेल्या स्लॅबची कड, हे सगळं एका नजरेत येतं. झाडीत समोरचे तीसेक मीटर दिसतात. म्हणून झाडीतला निर्णय उताराच्या माथ्यावर उभं राहून घ्यायचा नसतो. तो मुंबईतून निघण्यापूर्वी सुरू होतो आणि चढताना पुरा होतो. गोंडोलाने कोंगडोरीपर्यंत (पहिल्या टप्प्याच्या शेवटापर्यंत) जाऊन तिथून थेट झाडीत शिरणाऱ्यांनी चढणच केलेली नसते, म्हणजे पाहणीही केलेली नसते. माझा आग्रह असा, की पहिल्या दिवशी स्कीला स्किन (चढताना मागे न घसरू देणारी तळाची पट्टी) लावून त्याच झाडीतून पायांनी वर चढा.

आधी मुंबईतलं काम. काश्मीरमधला हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो. एक विक्षोभ, मग काही कोरडे थंड दिवस, मग पुढचा. निघण्याच्या तीनेक आठवडे आधीपासून एक वही करा. हवामान खात्याच्या अंदाजातून रोज तीन गोष्टी लिहा: बर्फ किती, रात्रीचं तापमान किती, आकाश निरभ्र की ढगाळ. यातल्या कोरड्या, निरभ्र, कडक थंडीच्या दिवसांकडे विशेष लक्ष द्या, कारण कमकुवत थर तेव्हा तयार होतात.

त्यामागचं गणित सोपं आहे. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो. वर हवा उणे 12 आणि बर्फ फक्त 40 सेंटीमीटर जाड, म्हणजे दर 10 सेंटीमीटरला 3 अंशांचा फरक. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की बर्फाच्या आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि कण एकमेकांची पकड सोडून टोकदार, साखरेसारखे सुटे होतात. तोच बर्फ दीड मीटर जाड असता, तर फरक इतका विरळ झाला असता की कण उलट घट्ट झाले असते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ आणि त्यानंतरची लांब कोरडी थंडी ही जोडी वाईट. 2024 चा जानेवारी आठवा. गुलमर्ग जवळपास कोरडं पडलं होतं, नीट बर्फ आला तो महिना संपता संपता, आणि पुढे फेब्रुवारीत मोठमोठे हिमपात झाले. 22 फेब्रुवारीला कोंगडोरीच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. असा हंगाम असला की तळाशी काय दडलंय, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याखेरीज मी 30 अंशांच्या वर पाय ठेवत नाही.

सरकारी इशारे जरूर वाचा. हिमस्खलनाचा अंदाज आपल्याकडे डीआरडीओची संस्था देते. 1969 साली मनालीत सुरू झालेली ‘सासे’ 2020 मध्ये डीजीआरई नावाच्या संस्थेत विलीन झाली, तीच ही. जम्मू-काश्मीरच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत इशारा येतो तो असा: अमुक जिल्ह्यांत अमुक मीटरच्या वर, पुढचे 24 तास, मध्यम धोका. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. हा इशारा जिल्ह्याचा आहे, तुमच्या उताराचा नाही. ‘2400 मीटरच्या वर धोका’ असं लिहिलेलं असेल तर गुलमर्गची सगळी झाडी त्यात आली, कारण गुलमर्गचं मैदानच साधारण 2650 मीटरवर आहे. इशारा वाचला की धोका वरच्या अफरवटच्या उघड्या माथ्यालाच आहे असं लोक गृहीत धरतात. तसं लिहिलेलं नसतं.

आता झाडीच्या आतला बर्फ. झाडाखालचा आणि दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेतला बर्फ पूर्णपणे वेगळा असतो. फांद्यांवर साठलेला बर्फ ढेकळांनी खाली कोसळतो आणि खोडाभोवतीचे थर मोडून टाकतो. शिवाय रात्री फांद्या खालच्या बर्फाला थोडी ऊब परत देतात. त्यामुळे खोडाजवळ सलग कमकुवत थर सहसा टिकत नाही. मोकळ्या जागेत वर थेट आकाश असतं. निरभ्र, शांत, दमट रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा गार होतो आणि त्यावर पिसासारखे उभे चकचकीत स्फटिक धरतात. याला सरफेस होअर म्हणतात. सकाळच्या उन्हात तो सुंदर दिसतो, पण त्यावर पुढचा बर्फ पडला की तो थर कागदाइतका पातळ होऊन आत राहतो आणि आठवडेच्या आठवडे सहज घसरू शकतो. उघड्या धारेवर वारा हे स्फटिक मोडून टाकतो. झाडीतल्या मोकळ्या जागेत वारा पोहोचत नाही, म्हणून तिथे ते शाबूत पुरले जातात. ज्या आडोशासाठी आपण झाडीत येतो, त्याच आडोशाने हा थरही जपलेला असतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ट्रीलाइनच्या (जिथे झाडी संपते त्या उंचीच्या) आसपास आणि खाली हाच थर गाईडना सर्वांत जास्त छळतो.

यासाठी गुलमर्गला उतरल्याबरोबर स्थानिक गाईडला विचारायचे प्रश्न ठरवून ठेवा. ‘सेफ आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. शेवटचे निरभ्र थंड दिवस कधी होते, तेव्हा मोकळ्या जागांत चकाकी धरली होती का, त्यावर किती बर्फ पडलाय, वारा कुठून होता, कुठल्या नाळेत (अरुंद घळीत) बर्फ घसरला, हे विचारा. तिथले चांगले गाईड याची नेमकी उत्तरं देतात, कारण ते सबंध हिवाळा त्या बर्फावर असतात. आपण चार-पाच दिवसांचे पाहुणे.

चढताना झाडांकडे बघायला शिका. झाड हा त्या उताराचा जुना साक्षीदार आहे. फरच्या खोडावर वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या आणि खालच्या अंगाच्या शाबूत दिसल्या, तर तिथून बर्फ धावून गेलाय. फांद्या किती उंचीपर्यंत तुटल्यात, यावरून तो किती उंच होता हेही कळतं. म्हाताऱ्या फरच्या जंगलात मधेच एक सरळ पट्टा फक्त कोवळ्या, एकाच वयाच्या झाडांचा असेल, तर जुनी झाडं एकदम गेली आहेत. भूर्जासारखी लवचीक झाडं आणि झुडपं जिथे खालच्या दिशेला वाकलेली दिसतात, तिथे बर्फ वारंवार येतो. तुटके बुंधे, एकाच दिशेला आडवे पडलेले ओंडके, खोडाच्या बुडाशी वक्र वाढ, हे सगळं टिपत चढा. वाकलेलं बूड एकटं असेल तर फारसा अर्थ काढू नका, बर्फाच्या संथ सरकण्यानेही खोड वाकतं. तुटलेल्या फांद्या मात्र सहसा दिशाभूल करत नाहीत.

आणि मान वर करा. तुम्ही ज्या झाडीत आहात तिच्या डोक्यावर काय आहे? झाडी संपून वर उघडी वाटी किंवा रुंद उतार असेल, तर तिथून सुटलेला बर्फ तुमच्या 20 अंशांच्या निवांत जंगलापर्यंत येऊ शकतो. खालून नकाशावर हे आधीच बघून ठेवायचं असतं, कारण आत शिरल्यावर वरचं काही दिसत नाही. वारा खाली जाणवत नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका. खोडाच्या एकाच अंगाला बर्फ थापला गेलाय का, शेंड्यांवरचा बर्फ उडून गेलाय का, ते बघा. खोडाच्या ज्या अंगाला बर्फ थापलेला, तिकडून वारा आला. धारेच्या पलीकडच्या अंगाला तो साठला.

उताराचा कोन हा एकच घटक असा आहे, जो अंदाजाने नव्हे तर मोजून कळतो. स्लॅब बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांत सुटतात, आणि 38 अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. झाडीत डोळा फसतो, उतार आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. साधा कोनमापक किंवा फोनमधलं अ‍ॅप काठीवर ठेवून मोजा. हा सराव मुंबईत बसूनही होतो. पुढच्या रविवारी सह्याद्रीत कुठेही जाल, तिथे गवताळ उतारासमोर उभं राहून चौघांनी आपापला अंदाज आधी बोलायचा आणि मग मोजायचा. एका पावसाळ्यात डोळा बऱ्यापैकी तयार होतो.

उताराचे रंग दाखवणाऱ्या डिजिटल नकाशांविषयी मात्र सावध राहा. ते बहुधा 30 मीटरच्या चौकटींवर आधारलेले असतात. झाडीत मधेच येणारा 15 मीटरचा खडा टप्पा त्यात सपाट होऊन जातो. दाट जंगलात तर कित्येकदा जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची मोजली गेलेली असते. नकाशावर 27 अंश दिसलं तर मी ते 30 धरतो.

उघड धोक्याच्या खुणा तुम्हाला कोर्समध्ये शिकवल्या असतीलच: ताजी स्खलनं, पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसणं, स्कीच्या टोकापासून धावत जाणारी भेग, 24 तासांत 30 सेंटीमीटरहून अधिक बर्फ, जोराचा वारा, अचानक ऊब किंवा पाऊस. झाडीत ऊब वाढल्याचं लवकर कळतं, फांद्यांवरची ढेकळं भराभर पडायला लागतात. ती पडू लागली की वेळ संपत आली असं समजा. ‘धप्प’ आवाज एकदा जरी आला तरी त्या दिवशी त्या दिशेचे सगळे खडे उतार बंद. दुसऱ्यांदा ऐकायची वाट बघायची नाही.

खोदून चाचणी घेणार असाल तर जागा नीट निवडा. झाडाखाली खोदलेल्या खड्ड्याला काही किंमत नाही, तिथले थर मोडलेले असतात. ज्या उतारावर उतरायचं आहे त्याच दिशेच्या, साधारण त्याच कोनाच्या आणि उंचीच्या एखाद्या लहान, खाली धोका नसलेल्या मोकळ्या जागेत, फांद्यांच्या घेरापासून चांगलं दूर खोदा. कॉम्प्रेशन टेस्टसाठी 30 गुणिले 30 सेंटीमीटरचा बर्फाचा खांब, वर फावडं, मनगटातून 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. विस्तारित खांबाच्या चाचणीत रुंदी 90 सेंटीमीटर, आणि पाहायचं ते हे की भेग पूर्ण रुंदीभर धावते का. धावली तर त्या दिवशी तो उतार नाही. नाही धावली, तर चाचणीने तुम्हाला परवानगी दिली असा अर्थ होत नाही. सरफेस होअर एका मोकळ्या जागेत असतो आणि पन्नास मीटरवरच्या दुसऱ्या जागेत नसतो. म्हणून एका खोल खड्ड्यापेक्षा चढताना वाटेत हाताने कापलेले दहा उथळ ठोकळे मला जास्त सांगतात. वाटेतल्या दोन मीटरच्या खड्या बांधांवर स्की आपटून बघा, बर्फ ठोकळ्याने सुटतो की भुगा होऊन, तेही कळतं.

जागेची निवड तुम्हाला सोपी जाईल, कारण सोंड, नाळ, घळ हे तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे. चढताना आणि उतरताना सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, राहा. फरक एवढाच की सह्याद्रीत नाळ ही वाट असते, बर्फात ती सापळा आहे. दोन्ही बाजूंचा बर्फ तिच्यात येऊन साचतो, आणि थोडासा बर्फही तिथे माणसाला दोन मीटर खाली पुरू शकतो. जंगलातला ओढा बर्फाखाली झाकलेला असतो, तेव्हा नकाशावर तो आधी शोधून ठेवा.

एकेकाने उतरायचं की एकमेकांना नजरेत ठेवून, हा झाडीतला जुना पेच. हिमस्खलनासाठी अंतर हवं, पण अंतर ठेवलं की माणूस झाडांआड नाहीसा होतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: जो उतार एकेकाने उतरण्याइतका संशयास्पद आहे, तो झाडीत उतरायचाच नाही. 30 अंशांच्या आतला, वर काही नसलेला उतार निवडा आणि जोडीने, हाकेच्या अंतरात, शेजारशेजारच्या ओळींत उतरा. थांबायचं ते सोंडेवर, दाट झाडांच्या कडेला, उताराच्या थेट खाली नाही. नजरेत राहण्याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या फरच्या बुडाशी, खालच्या फांद्यांखाली, बर्फ पोकळ असतो. त्यात डोकं खाली करून पडलेला माणूस हिमस्खलनाशिवायही गुदमरतो आणि सहसा स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. पडतोय असं वाटलं तर खोड किंवा फांदी पकडा, डोकं वर ठेवा. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा.

गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत बाहेर आला तर दहातले नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाकडे जाताना हे प्रमाण तिघांत एकाच्या आसपास येतं. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणजे वाचवणारे तुम्ही उरलेले तिघेच. झाडीत शोध घेताना खोडांच्या वरच्या अंगाला, नाळेच्या वळणात आणि ढिगाच्या टोकाशी आधी बघा, बर्फ तिथे माणसाला अडकवून टाकतो.

हा सराव मुंबईत करता येतो, आणि करूनच निघा. पहाटे एखाद्या मोकळ्या चौपाटीवर, भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, प्लास्टिकच्या डब्यात बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायला अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र) पुरा आणि शोधा. ओल्या खाऱ्या वाळूत 457 किलोहर्ट्झचा सिग्नल मार खातो, आणि विजेच्या तारांजवळ यंत्र भरकटतं, म्हणून जागा बघून निवडा. फोन बंद ठेवा. शोधताना फोन किंवा कॅमेरा बीकनपासून किमान 50 सेंटीमीटर लांब हवा, ही सवय इथेच लागू दे. फावड्याने वाळू उपसताना दमछाक होईल. हिमस्खलनाचा बर्फ थांबताच घट्ट होतो, तो याहून जड असतो. चौघांनीही शोधणं, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपण्याची लांब काठी) लावणं आणि खणणं तिन्ही करायचं. जो एकटाच यात तरबेज असतो तोच गाडला गेला तर काय, याचा विचार करून.

बीकन तिथे भाड्याने घेणार असाल तर तीन अँटेनांचाच घ्या, सेल मुंबईहून नवे अल्कलाइन न्या, आणि दुकानाबाहेर पडण्याआधी चारही यंत्रं एकमेकांसमोर सिग्नल सोडून आणि शोधून दोन्ही प्रकारे तपासा. प्रोब किमान 240 सेंटीमीटर, फावड्याचं पातं धातूचं. सामान भाड्याने मिळालं नाही, किंवा चौघांत तीनच बीकन निघाले, तर त्या दिवशी गुलमर्गच्या पिस्टवरच स्की करा.